ऑपरेटिंग सिस्टीमची निवड : एका चुकीच्या प्रश्नाची चिकित्सा



कात्रजच्या या सभागृहात आम्ही याआधी बोललो ते गीतेवर आणि कांटवर. या वेळचा विषय ऐकून आमच्या एका स्नेह्यांनी फोन केला, "सर, तुम्ही आता संगणक विकायला लागलात की काय?" विकत नाही. पण २०२५ च्या ऑक्टोबरपासून आमच्याकडे सल्ला विचारायला येणाऱ्या ज्येष्ठांचा प्रश्न बदललाय. पूर्वी आत्म्याबद्दल विचारायचे, आता विचारतात, "विंडोज दहा बंद झाली म्हणे, आता काय करायचं?"

आधी वस्तुस्थिती नीट सांगू. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिला जाणारा नेहमीचा आधार थांबवला. त्या दिवशी कुणाचा संगणक बंद पडला नाही. सुरक्षेत नवं भगदाड सापडलं की त्यावर आपोआप ठिगळ यायचं, ते यायचं थांबलं, इतकंच. घरगुती वापरासाठी नोंदणी केली तर ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत मिळते. पुढची विंडोज ११ ही ऑक्टोबर २०२१ मध्ये आली. तिला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-चिप लागते आणि यादीतलाच प्रोसेसर लागतो. साधारण २०१७ च्या आधीचे इंटेल प्रोसेसर त्या यादीत नाहीत. त्यामुळे झालं असं की चांगले चालणारे, पंखा स्वच्छ असलेले, पडद्यावर एक ओरखडा नसलेले संगणक एका तारखेला 'जुने' ठरले.

मग सल्ले सुरू झाले. दुकानदार म्हणाला, नवा घ्या. शेजारचा इंजिनिअरिंगचा मुलगा म्हणाला, "काका, लिनक्स टाका, फुकट आहे." अमेरिकेतला मुलगा म्हणाला, "बाबा, मॅक घ्या, कटकट नको." तिघांचंही प्रेम खरं आहे, दुकानदाराचंसुद्धा थोडंफार असेलच. पण तिघांनी एक गोष्ट केली नाही. तुम्ही संगणकावर करता काय, हे विचारलं नाही. प्रश्नाआधी उत्तर तयार होतं. आज आम्हाला टीका करायची आहे ती या सल्ल्यांच्या पद्धतीवर. कुठल्या कंपनीवर नाही.

आता ही ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे काय? मराठीत कुणी कार्यप्रणाली म्हणतं, कुणी संचालन प्रणाली. आपण कात्रजला बसलो आहोत, तेव्हा कात्रजचंच उदाहरण घेऊ. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५० च्या सुमारास, इथल्या तलावाचं पाणी जमिनीखालच्या दगडी नळातून पुण्यात नेलं. मध्ये मध्ये उच्छ्वास ठेवले, म्हणजे हवा खेळेल आणि माणूस उतरून गाळ काढू शकेल. शहरात हौद होते. सदाशिव पेठेत कळशी भरणाऱ्या बाईला नळ कुठून येतो हे ठाऊक असण्याची गरज नव्हती. तिचा संबंध हौदाशी.

आपलाही रोजचा संबंध हौदाशीच असतो. पत्र लिहिण्याचा प्रोग्रॅम, ब्राउझर, फोटो बघण्याची खिडकी हे झाले हौद. ऑपरेटिंग सिस्टीम म्हणजे तलाव आणि हौद यांच्यामधला नळ. यंत्राची स्मृती कुणाला किती द्यायची, फाइल डिस्कवर कुठे ठेवायची, प्रिंटरशी कोणत्या भाषेत बोलायचं, हे ती बघते. पुष्कळदा आपण नळाला नावं ठेवतो आणि बिघाड हौदाचा असतो. "लिनक्स अवघड आहे" म्हणणाऱ्याला खोदून विचारलं तर अडचण एका विशिष्ट स्कॅनरची निघते. "विंडोज छान आहे" म्हणणाऱ्याला छान वाटत असतो तो वर्ड. आणि ज्यांना लिनक्स या शब्दाचीच धास्ती आहे, त्यांच्या खिशातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच गाभ्यावर चालतो.

तेव्हा "सगळ्यात चांगली कोणती?" या प्रश्नाकडे येऊ. पीटर गीच नावाच्या इंग्लिश तत्त्वज्ञाने १९५६ मध्ये 'चांगला' या विशेषणाबद्दल एक साधी गोष्ट दाखवली. लाल गाडी ही लाल असते आणि गाडी असते, दोन्ही वेगवेगळं तपासता येतं. पण 'चांगला' तसा सुटा काढता येत नाही. चांगला चोर हा चोर असतो आणि शिवाय चांगला असतो, असं आपण म्हणत नाही. कशासाठी चांगला, काय म्हणून चांगला, हे कळल्याशिवाय शब्दाला अर्थच येत नाही. "चांगली ऑपरेटिंग सिस्टीम कोणती?" हे वाक्य व्याकरणाने पूर्ण आहे आणि अर्थाने अर्धवट.

हे आपल्या परंपरेलाही माहीत होतं. वेदान्ताचा ग्रंथ सुरू करण्याआधी चार गोष्टी सांगाव्या लागतात, त्यांना अनुबंधचतुष्टय म्हणतात : अधिकारी, विषय, संबंध आणि प्रयोजन. हा ग्रंथ कुणासाठी आहे, कशाबद्दल आहे, ग्रंथाचा विषयाशी संबंध काय, आणि वाचून मिळणार काय. आम्ही चाळीसएक वर्षं वर्गात हे चार शब्द फळ्यावर लिहिले. संगणक निवडायला ते उपयोगी पडतील असं तेव्हा वाटलं नव्हतं. पण पडतात. कसे ते बघू.

पहिला अधिकारी. म्हणजे वापरणारा कोण, आणि अडला तर त्याला हात देणारा कोण. हा दुसरा भाग सगळे विसरतात. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांशी आमचा वाद इथेच आहे. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्प जाहीर केला, लिनस टॉरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहिला. त्या चळवळीमागचा विचार थोर आहे. प्रोग्रॅम हवा तसा चालवण्याचं, त्याची रचना अभ्यासण्याचं, वाटण्याचं आणि बदलून वाटण्याचं स्वातंत्र्य. चारही स्वातंत्र्यं आम्हाला मान्य आहेत. पण सत्तर वर्षांच्या बाईंना 'तुम्ही कोड वाचू शकता' असं सांगणं म्हणजे काय? अमर्त्य सेन सायकलचं उदाहरण देतात. सायकल मालकीची असणं वेगळं आणि ती चालवून कुठे जाता येणं वेगळं. पुण्यात सायकलीचं कौतुक पुरेपूर आहे, पण कात्रजचा घाट चढायला नुसती सायकल पुरत नाही. स्वातंत्र्य कागदावर असणं आणि ते वापरण्याचं सामर्थ्य असणं यांत हाच फरक आहे. ज्यांच्या इमारतीत लिनक्स जाणणारं एकही माणूस नाही, त्यांच्यासाठी तो मुद्दा सिद्धान्ताने नाही तर शेजाराने सुटतो.

याची दोन मोठी उदाहरणं आहेत. जर्मनीतल्या म्युनिक शहराने २००३ मध्ये आपल्या कचेऱ्या लिनक्सवर नेण्याचा निर्णय घेतला आणि २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा. उलट केरळच्या सरकारी शाळा मुक्त सॉफ्टवेअरवर गेल्या आणि तिथेच टिकल्या. केरळात आधी शिक्षकांना शिकवलं. हात देणारा माणूस प्रत्येक शाळेत तयार झाला, मग यंत्र आलं. म्हणून आम्ही म्हणतो, अधिकारी म्हणजे एकटा माणूस नव्हे, त्याच्या भोवतीची माणसंही त्यात आली.

महाराष्ट्रात काय झालं? २००१ मध्ये महाराष्ट्र ज्ञान महामंडळ स्थापन झालं आणि एमएस-सीआयटी गावोगावी पोचलं. लाखो लोकांची माउसची भीती गेली, हे फार मोठं काम आहे. पण वर्गात समोर विंडोज होती, तेव्हा त्या पिढीच्या मनात संगणक म्हणजे विंडोज हे समीकरण बसलं. मराठीत डालडा म्हणजे वनस्पती तूप झालं, तसंच. यात कट नाही. पण निवड करायची तर आधी दुसरं काही असतं हे माहीत हवं.

दुसरा विषय, म्हणजे काम. इथे भावना बाजूला ठेवायची. आमच्या ओळखीचे एक हिशेबनीस आहेत, दिवसभर टॅलीत असतात. टॅली विंडोजसाठी बनते. त्यांना लिनक्स सुचवणं म्हणजे त्यांच्या पोटावर प्रयोग करणं. त्यांनी विंडोज ११ चालेल असं यंत्र घ्यावं, प्रश्न मिटला. एक डीटीपी करणारे आहेत, त्यांना इनडिझाइन लागतं. ते विंडोजवर किंवा मॅकवर चालतं, लिनक्ससाठी येत नाही. एक निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांचं काम म्हणजे ईमेल, नातवाशी व्हिडिओवर बोलणं, पीडीएफ वाचणं, महिन्याचा हिशेब एका तक्त्यात. यातलं एकही काम असं नाही जे लिनक्स मिंट किंवा उबुंटूवर होत नाही. त्यांना चाळीस-पन्नास हजारांचा नवा संगणक घ्यायला लावणं हा अन्याय आहे. मॅकचं म्हणाल तर तिथे यंत्र आणि प्रणाली एकाच कंपनीची, त्यामुळे तक्रारी कमी. पण ॲपलची प्रणाली ॲपलच्याच यंत्रासाठी असते. म्हणजे तुम्ही प्रणाली निवडत नाही, आख्खं घर निवडता. परवडत असेल आणि मुलगा फोनवरून मदत करणार असेल तर त्यात वावगं काही नाही.

तिसरा संबंध. मित्रहो, इथे जरा थांबू, कारण आमच्या मते खरी जोखीम इथे आहे आणि सल्ला देणारे तिच्याकडे बघतच नाहीत.

आमचे एक मित्र होते. पंधरा वर्षं ते एका जर्मन ग्रंथाचं मराठी भाषांतर करत होते. संगणकावर, स्वतःच्या हाताने, त्या काळच्या एका मराठी फॉन्टमध्ये. ते गेले. घरच्यांनी फायली पेनड्राइव्हवर घालून आमच्याकडे आणून दिल्या. आमच्या संगणकावर उघडल्या तर पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टिंबं यांचा खच. पाच-सहाशे पानं आणि एक शब्द वाचता येईना.

हे का होतं ते समजून घ्या. संगणकावर मराठी आणण्याचं मोठं काम आपल्याच शहरात झालं. आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान पुढे सी-डॅकमध्ये आलं, आणि सी-डॅक १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालं. इन्स्क्रिप्ट कळफलक १९८६ चा, इस्की हे भारतीय लिप्यांचं मानक १९९१ चं. पण छपाईच्या व्यवहारात वेगळंच रुळलं. रोमन अक्षरांच्या जागेवर देवनागरीची चित्रं बसवलेले फॉन्ट आले आणि प्रत्येकाची मांडणी निराळी. संगणकाला वाटायचं आपण इंग्रजी अक्षर साठवतोय, आपल्याला दिसायचं मराठी. तो फॉन्ट आहे तोवर मराठी, गेला की खच. युनिकोडने १९९१ मध्येच देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक दिला, विंडोज २००० पासून तो घराघरातल्या यंत्रात वापरता येऊ लागला, पण सवय मोडायला आपण पुढची पंधरा वर्षं घेतली. आमच्या मित्रांनी ती मोडलीच नाही.

आम्ही त्या फायली एका परिवर्तकातून काढल्या. मजकूर आला, पण जोडाक्षरं फुटलेली, रफार भलत्याच अक्षरावर, ऱ्हस्व-दीर्घ विस्कटलेले. आता आठवड्याला दहा पानं या गतीने आम्ही आणि त्यांची मुलगी मिळून दुरुस्त करतो आहोत. आमच्या वयाकडे बघता ही गती फारशी आश्वासक नाही.

आता विचार करा. हे मित्र विंडोजवर होते. मॅकवर असते तर वाचले असते? लिनक्सवर असते तर? असल्या फॉन्टमध्ये लिहिलं असतं तर नाही. गुलामी ऑपरेटिंग सिस्टीमची नव्हती, फाइलच्या साठवणीची होती. म्हणून आमचं म्हणणं असं की प्रणाली निवडण्याआधी आपला मजकूर मोकळा करा. मराठी असेल तर युनिकोडमध्ये, शिवाय एक पीडीएफ प्रत, आणि दोन वेगळ्या ठिकाणी. मजकूर मोकळा असेल तर चुकीची प्रणाली निवडल्याची शिक्षा एका रविवारची असते. मजकूर अडकलेला असेल तर बरोबर प्रणाली निवडूनही आयुष्याचं काम जाऊ शकतं.

आणि युनिकोड म्हटलं की सगळं झालं असंही नाही. कुठल्याही यंत्रावर मराठीची परीक्षा घ्यायची तर तीन शब्द टंकून बघा : वाऱ्यावर, ॲप, लक्षणीय. वाऱ्यामधला अर्धा र नीट बसतो का? ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, ते दिसतं की चौकोन येतो? ल मराठी वळणाचा आहे की हिंदी वळणाचा? आज विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींमध्ये मराठी येते. लिनक्सवर लोहित नावाचे मुक्त फॉन्ट पुष्कळ वापरले जातात, आणि त्यांच्यावर पुण्यात बसलेल्या अभियंत्यांनी काम केलेलं आहे. पण फॉन्टनुसार फरक पडतो, तेव्हा हातचं काकण आरशात बघायला हरकत नाही.

चौथं प्रयोजन. का हवंय हे. इथे आम्हाला दोन तऱ्हेचा गोंधळ दिसतो. एक, प्रतिष्ठा. शेजाऱ्याकडे आहे म्हणून. त्याबद्दल बोलत नाही. दुसरा जास्त आदरणीय गोंधळ म्हणजे स्वदेशीचा. सी-डॅकने २००७ मध्ये बॉस नावाची भारतीय प्रणाली आणली, भारतीय भाषांचा आधार असलेली. चांगली गोष्ट आहे. पण ती डेबियनवर उभी आहे, आणि डेबियन १९९३ पासून जगभरचे स्वयंसेवक बांधत आलेत. खादीचं सूत गावात कातता येतं, ऑपरेटिंग सिस्टीमचं नाही. इथे स्वदेशीचा अर्थ 'आम्ही एकट्यांनी बनवलं' असा नसून 'आम्हाला उघडून बघता येतं आणि दुरुस्त करता येतं' असा घ्यावा लागतो. हा अर्थ घेतला तर तो अभिमान टिकाऊ आहे.

तुम्ही विचाराल, सर, तुम्ही काय केलंत? आमचा संगणक २०१४ चा. विंडोज ११ त्याला चालत नाही. आम्ही लिनक्स मिंट पेनड्राइव्हवरून आठ दिवस चालवून पाहिली. हे करता येतं, डिस्कला हात न लावता. मग बसवली. फायदा असा की यंत्र वाचलं आणि जलद झालं. तोटाही सांगतो. आमचा जुना स्कॅनर रुसला, आता फोनने पानांचे फोटो काढतो. आणि पेन्शनरांना नोव्हेंबरात लागणारा हयातीचा दाखला, जीवन प्रमाण, त्याचं संगणकावरचं ॲप विंडोजसाठी आहे. पण २०२१ पासून चेहरा दाखवून तो अँड्रॉइड फोनवर करता येतो, तसा आम्ही केला. हिशेब जमेचा निघाला, पण तो आमच्या कामाचा हिशेब आहे. आमची निवड हा तुमच्यासाठी पुरावा नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांसाठी सारखी. आधार संपलेल्या प्रणालीवर बँकेचा व्यवहार करू नका. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला, त्यानंतरही कित्येक वर्षं लोक ती वापरत राहिले, 'आमच्याकडे काय आहे चोरायला' म्हणत. पेन्शन खातं आहे. जुनं यंत्र जुन्याच विंडोजवर ठेवायचं असेल, एखाद्या जुन्या फॉन्टसाठी किंवा प्रिंटरसाठी, तर ते इंटरनेटपासून तोडून ठेवा. टाइपरायटरसारखं वापरा.

सारांश सांगतो. निवडायला बसलात की कागद घ्या आणि चार रकाने करा. वापरणार कोण आणि मदत कुणाची. कोणती कामं, प्रोग्रॅमच्या नावासकट. कोणत्या फायली, कोणती उपकरणं, कोणाशी देवाणघेवाण. आणि हे सगळं कशासाठी. चार रकाने भरले की बहुतेकांना प्रणालीचं नाव विचारावंच लागत नाही, ते कागदावर दिसतं. दिसलं नाही तर दुकानात जायची घाई करू नका.

प्रश्नोत्तरं

(एका श्रोत्यांचा प्रश्न : सर, सगळं पटलं, पण शेवटी एकच नाव सांगा ना.)

काका, तुम्ही काय लिहिता संगणकावर?

(श्रोते : आईच्या ओव्या उतरवून ठेवतोय. शंभरेक झाल्यात.)

कशात?

(श्रोते : ते… जुन्या फॉन्टमध्ये. मुलाने घालून दिलाय.)

मग आज घरी जाऊन प्रणाली बदलू नका. आधी त्या ओव्या युनिकोडमध्ये आणा. एकट्याने जमलं नाही तर गुरुवारी पेनड्राइव्ह घेऊन आमच्याकडे या, तशीही आमची त्या दिवशी दुरुस्तीची बैठक असते. त्या सुटल्या की मग कोणतीही घ्या. येताना त्या चार रकान्यांचा कागदही आणा.